नगराचा जमाखर्च आणि नोकरवर्ग : सदलगा पुरसभेच्या निमित्ताने

गावाचे नगर झाले म्हणजे केवळ पाटीवरील नाव बदलते असे नाही. ग्रामपंचायतीच्या काळी जी कामे अंगमेहनतीने, परस्पर समजुतीने किंवा पाटील-कुलकर्ण्यांच्या शब्दाने होत असत, ती नगरात पगारी नोकरवर्गाकडून आणि लेखी जमाखर्चातून करावी लागतात. नळाला पाणी केव्हा येणार, गटार कोण काढणार, रस्त्यावरील दिवा बंद पडला तर तो कोण बदलणार, हे प्रश्न वरवर पाहता लहान आहेत. परंतु त्यांची उत्तरे अखेरीस दोनच गोष्टींवर अवलंबून असतात. नगरसंस्थेच्या तिजोरीत किती पैसा आहे ही एक, आणि त्या पैशातून तिने कोणती माणसे कोणत्या अटींवर नेमली आहेत ही दुसरी. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, याचा विचार सीमाभागातील सदलगा या नगराच्या निमित्ताने येथे केला आहे.

नगराची ओळख

सदलगा हे बेळगाव जिल्ह्याच्या चिक्कोडी तालुक्यातील, दूधगंगेच्या काठचे नगर होय. सह्याद्रीत उगम पावून कोल्हापूर जिल्ह्यातून वाहत आलेली दूधगंगा येथून पुढे कृष्णेस जाऊन मिळते. नदीपलीकडे महाराष्ट्राची हद्द लागते. ऊसशेती, दुधाचा जोडधंदा आणि मराठी व कन्नड या दोन्ही भाषांचा नित्य वापर हे या परिसराचे विशेष आहेत. दिगंबर जैन परंपरेतील आचार्य विद्यासागर यांचा जन्म १९४६ साली येथेच झाला. २०११ च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या तेवीस हजारांच्या वर होती.

कर्नाटकात बृहत् बेंगळूरू वगळता इतर नगरांचे वर्गीकरण मुख्यतः लोकसंख्येवरून होते. दहा ते वीस हजार वस्तीच्या ठिकाणी पट्टण पंचायत, वीस ते पन्नास हजारांच्या ठिकाणी पुरसभा, पन्नास हजार ते तीन लाखांच्या ठिकाणी नगरसभा आणि त्यापुढे महानगरपालिका अशी ही उतरंड आहे. त्यानुसार सदलगा येथे पुरसभा आहे. तंबाखूच्या पेठेमुळे प्रसिद्ध असलेल्या शेजारच्या निपाणीस नगरसभा आहे, तर बेळगाव येथे १९८४ पासून महानगरपालिका आहे. पहिल्या दोहोंचा कारभार १९६४ च्या कर्नाटक नगरपालिका अधिनियमान्वये व महानगरपालिकेचा १९७६ च्या अधिनियमान्वये चालतो. नदीपलीकडील कुरुंदवाडसारख्या नगरपरिषदा मात्र महाराष्ट्राच्या १९६५ च्या अधिनियमाखाली येतात. इचलकरंजीची नगरपरिषद २०२२ मध्ये महानगरपालिका झाली. कायदे भिन्न असले तरी अडचणी पुष्कळशा सारख्याच आहेत, आणि म्हणून एका काठाचा अनुभव दुसऱ्या काठास उपयोगी पडावा असा आहे.

थोडा पूर्वेतिहास

या भागातील नगरशासनाची परंपरा जुनी आहे. १८५० च्या सव्विसाव्या अधिनियमाने नगरांना स्वतःच्या सोयीसाठी कर बसविण्याची मुभा मिळाली आणि त्यानुसार बेळगाव येथे १८५१ मध्येच नगरपालिका अस्तित्वात आली. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने लोकनियुक्त सभासदांचे तत्त्व पुढे आले. त्यानंतर मुंबई इलाख्यात १९०१ चा जिल्हा नगरपालिका अधिनियम व १९२५ चा बरो नगरपालिका अधिनियम झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असल्यामुळे आज दोन राज्यांत विभागलेल्या या नगरांचे मूळ वळण एकच आहे.

नगराचा पैसा कशावर खर्च व्हावा, हा वादही तितकाच जुना आहे. महात्मा जोतीराव फुले हे पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावा असे म्हणून फुले यांनी प्रस्तावास एकट्याने विरोध केला. रक्कम आजच्या मानाने क्षुल्लक वाटेल. परंतु नगराचा पैसा हा सामान्य करदात्याचा पैसा आहे आणि त्याचा विनियोग त्याच्या गरजेनुसार झाला पाहिजे, हे तत्त्व त्या एका मतात पूर्णपणे आले आहे.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नगरसंस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नमूद झाले. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमून राज्याच्या उत्पन्नातील वाटा नगरांना कसा द्यावा हे ठरविण्याची तरतूद झाली. तथापि कामे सोपविली म्हणजे ती पार पाडण्याइतका पैसा व माणसे आपोआप मिळतात असे नाही, हा गेल्या तीन दशकांचा धडा आहे.

पैसा येतो कोठून?

नगरसंस्थेच्या उत्पन्नाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग स्वतःच्या उत्पन्नाचा. त्यात घरपट्टी म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, व्यवसाय परवाने, जाहिरात कर, बाजारातील व गाळ्यांचे भाडे, इमारत परवानगीची फी इत्यादी बाबी येतात. दुसरा भाग अनुदानाचा. त्यात राज्य वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार मिळणारा वाटा, केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान आणि निरनिराळ्या योजनांचा पैसा येतो.

पूर्वी स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार जकात हा होता. नाक्यावर माल आला की पैसा जमा होई. व्यापार वाढला की उत्पन्न वाढे आणि रोजची रोकड हाताशी असल्यामुळे पगार अडत नसत. परंतु नाक्यांवरील खोळंबा, गैरप्रकार व व्यापारास होणारा अडथळा हे जकातीचे दोषही मोठे होते. कर्नाटकाने १९७९ मध्ये जकात रद्द केली आणि त्याऐवजी राज्याने प्रवेश कर लावून नगरांना भरपाई देण्याचा मार्ग पत्करला. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली व तिच्या जागी सहायक अनुदान आले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर सुरू झाल्यावर प्रवेश करही त्यात विलीन झाला. परिणामी नगरांचे हुकमी व वाढते उत्पन्न संपून त्यांची दृष्टी राजधानीकडून येणाऱ्या हप्त्याकडे लागली.

आज स्वतःच्या उत्पन्नात घरपट्टीस पहिले स्थान आहे. कर्नाटकात २००२-०३ पासून स्वयंनिर्धारण पद्धती आहे. मिळकतदार स्वतः जागेचे व बांधकामाचे क्षेत्रफळ लिहून, ठरलेल्या दराने कर काढून भरतो. एप्रिल महिन्यातच कर भरणाऱ्यास पाच टक्के सूट मिळते. या कराबरोबर आरोग्य, ग्रंथालय व भिक्षेकरी यांसाठीचे उपकरही वसूल होतात. पुष्कळ नागरिकांची समजूत अशी की पावतीवरील सर्व रक्कम पुरसभेचीच. वस्तुतः हे उपकर पुरसभेने केवळ गोळा करून संबंधित खात्याकडे भरावयाचे असतात. ते हाताशी आहेत म्हणून पगारासाठी वापरणे म्हणजे दुसऱ्याची ठेव खर्च करण्यासारखे होय.

वसुलीचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या नगरात करपात्र मिळकती ४,००० आहेत आणि सरासरी कर वर्षाला ८०० रुपये आहे. म्हणजे एकूण मागणी ३२ लाख रुपयांची झाली. वसुली ६० टक्के झाली तर १९ लाख २० हजार रुपये हाती येतात. तीच ९० टक्के झाली तर २८ लाख ८० हजार येतात. फरक ९ लाख ६० हजारांचा. एका सफाई कामगारावर वेतन व इतर देणी मिळून महिना २० हजार रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार खर्च येतो असे धरले, तर या फरकातून चार कामगारांचे वर्षभराचे वेतन निघते. कराचा दर एक पैशानेही न वाढविता हे घडू शकते. उलट दरवर्षी १२ लाख ८० हजारांची थकबाकी राहू दिली, तर तीन वर्षांत ती ३८ लाख ४० हजार, म्हणजे एका संपूर्ण वर्षाच्या मागणीहूनही अधिक होते. 'गावात माणसे कमी आहेत' ही तक्रार करणारा आणि कर थकविणारा हे दोघे पुष्कळदा एकच असतात, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

बांधलेला व मोकळा पैसा

अनुदानाचा पैसा मिळाला म्हणजे तो कशावरही खर्च करता येतो असे नाही. कर्नाटकात राज्य वित्त आयोगाच्या वाट्यातून वेतन, वीजबिल व मुक्त निधी अशा स्वतंत्र रकमा मंजूर होतात. कायम कर्मचाऱ्यांचे वेतन वेतन-अनुदानातून आणि पथदिवे व पाणीपुरवठ्याच्या पंपांचे वीजबिल वीज-अनुदानातून भागविण्याची रीत आहे. बेळगाव जिल्ह्यात वीजपुरवठा हुबळीच्या कंपनीकडे, म्हणजे 'हेस्कॉम'कडे आहे. पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी दिलेल्या अनुदानात लहान नगरांकरिता ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिली होती. उरलेल्या ४० टक्क्यांतूनही वेतन व आस्थापनेचा खर्च करण्यास मनाई होती. शिवाय लेखापरीक्षित हिशेब लोकांना पाहण्यास खुले ठेवणे व मालमत्ता कराचे किमान दर ठरविणे या अनुदान मिळण्याच्या अटी होत्या.

यांशिवाय पुरसभेच्या मुक्त निधीतून २४.१० टक्के रक्कम अनुसूचित जाती-जमातींच्या कल्याणासाठी, ७.२५ टक्के इतर दुर्बल घटकांसाठी आणि ५ टक्के अपंग व्यक्तींसाठी राखून ठेवावयाची असते. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ही तरतूद आवश्यक आहे. ती खर्चून उरलेल्या रकमेतूनच रस्ता, गटार व इतर कामे करावयाची हे सभासदांनी प्रथमपासून ध्यानात ठेवले पाहिजे. अंदाजपत्रक वाचताना एकूण आकड्याकडे पाहून फसगत होते ती यामुळेच. एकूण रक्कम कोटींत दिसली तरी सभागृहाच्या स्वतंत्र निर्णयाने खर्च करता येण्याजोगा भाग त्यातील थोडकाच असतो. ज्या नगराची घरपट्टी व पाणीपट्टी भक्कम, त्याच नगरास आपल्या गरजेप्रमाणे निर्णय घेण्याचे खरे स्वातंत्र्य असते.

माणसे नेमतो कोण?

नोकरवर्गाबाबत सामान्य समज असा आढळतो की अध्यक्षांनी मनात आणले की माणूस कामावर घेता येतो. वस्तुस्थिती निराळी आहे. पुरसभेत किती व कोणती पदे असावीत हे शासन ठरवून देते. मुख्याधिकाऱ्याची नेमणूक शासन करते. अभियंता, आरोग्य निरीक्षक, लेखापाल, महसूल अधिकारी ही पदे राज्याच्या सेवानियमांनुसार भरली जातात व त्यांवरील व्यक्तींची बदलीही होते. लोकनियुक्त सभागृह धोरण ठरविते, अंदाजपत्रक मंजूर करते व कामावर देखरेख ठेवते. मंजूर नसलेले पद निर्माण करण्याचा अधिकार त्यास नाही. अध्यक्ष व उपाध्यक्ष यांची मुदत तीस महिन्यांची असते. मुख्याधिकारी केव्हाही बदलू शकतो. अशा स्थितीत तीस वर्षे टिकणाऱ्या नेमणुकीचा विचार करताना सर्वांनीच विशेष दक्ष राहावे लागते.

एक पद म्हणजे किती भार, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. समजा, एका कर्मचाऱ्याचे आरंभीचे वेतन महिना २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख आहे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ होते. महागाई भत्ता व निवृत्तीच्या वेळची देणी वगळली तरीही तीस वर्षांच्या सेवेत ही रक्कम सुमारे १ कोटी ४२ लाख रुपये होते. एक कायम नेमणूक म्हणजे जणू एक कोटी बेचाळीस लाखांच्या कामास दिलेली मंजुरी होय. या रकमेचे बांधकाम असते तर निविदा, तांत्रिक मान्यता, चर्चा असे सर्व सोपस्कार झाले असते. नेमणुकीच्या बाबतीतही तितकीच छाननी व्हावी, हे ओघानेच आले.

म्हणून पद रिक्त ठेवणे हीच काटकसर, असे मात्र कोणी मानू नये. महसूल विभागातील एक कारकून कमी असला तर मागणीची बिले वेळेवर निघत नाहीत, नव्या बांधकामांची नोंद होत नाही आणि त्याच्या वेतनाच्या कित्येक पट उत्पन्न बुडते. पाणीपुरवठ्याचा जाणता कामगार निवृत्त झाला आणि त्याच्या हाताखाली कोणी तयार झालेला नसला, तर कोणती झडप कोठे आहे हे शोधण्यात दिवस जातात. उत्पन्न आणणारी व आरोग्य राखणारी पदे प्रथम भरावीत, शोभेची व सोयीची पदे मागे ठेवावीत, हा क्रम कोणत्याही लहान नगरास हितावह ठरेल.

आस्थापना खर्चास मर्यादा असावी, या हेतूने महाराष्ट्रात महानगरपालिकांच्या बाबतीत तो उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन घालण्यात आले. परंतु मर्यादा पाळण्याचे दोन मार्ग असतात. एक उत्पन्न वाढविण्याचा आणि दुसरा कायम पदे गोठवून तेच काम कंत्राटदाराकडून करून घेण्याचा. दुसऱ्या मार्गात वेतनाचा खर्च नाहीसा होत नाही. तो 'आस्थापना' या शीर्षाखालून उठून 'सेवा' या शीर्षाखाली जाऊन बसतो एवढेच.

पौरकार्मिकांचा प्रश्न

या सर्व चर्चेचा सर्वांत कठीण भाग सफाई कामगारांचा आहे. कर्नाटकात त्यांस पौरकार्मिक म्हणतात आणि २३ सप्टेंबर हा दिवस पौरकार्मिक दिन म्हणून पाळला जातो. नगराचे आरोग्य ज्यांच्या हाती असते त्यांचीच नोकरी सर्वांत अस्थिर असावी, हा विरोधाभास दीर्घकाळ चालत आला. मुंबई राज्यात १९४९ मध्ये बर्वे समितीने सफाई कामगारांच्या राहणीची पाहणी केली. महाराष्ट्रात लाड व पागे यांच्या समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्याचे धोरण आले. कर्नाटकात १९७० च्या दशकात साळप्पा समितीने पौरकार्मिकांच्या स्थितीचा विचार केला. पुढे शासनाने सातशे लोकसंख्येमागे एक पौरकार्मिक हे प्रमाण धरले. या प्रमाणाने सदलग्याएवढ्या, म्हणजे तेवीस-चोवीस हजार वस्तीच्या नगरास तेहतीस-चौतीस पौरकार्मिक लागतात. हे प्रमाण जनगणनेच्या आकड्यावर मोजले जाते. २०११ नंतर वाढलेली वस्ती, बाजाराच्या दिवशी येणारी माणसे, ऊसतोडणीच्या हंगामात येणाऱ्या टोळ्या यांचा कचराही त्याच हातांनी उचलावयाचा असतो.

पूर्वी हे काम पुष्कळ ठिकाणी कंत्राटदारामार्फत होई. नगरसंस्था कंत्राटदारास पैसे देई, कंत्राटदार आपला वाटा ठेवून कामगारास वेतन देई. भविष्यनिर्वाह निधी व राज्य विमा यांची वर्गणी कापली गेली तरी ती प्रत्यक्ष भरली गेली की नाही हे कामगारास कळण्याची सोय नसे. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने असे तत्त्व घालून दिले की कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे येथे नगरसंस्थेवर येते. त्यानंतरच्या कामगार कायद्यातही हे तत्त्व कायम राहिले. स्वस्त दिसणारे कंत्राट अखेरीस दुहेरी खर्चाचे ठरू शकते ते असे.

२०१७ मध्ये कर्नाटक शासनाने पौरकार्मिकांच्या बाबतीत कंत्राटपद्धत बंद करून नगरसंस्थेने वेतन थेट कामगाराच्या बँक खात्यात जमा करण्याचे धोरण स्वीकारले. जुलै २०२२ मध्ये कायम नोकरीच्या मागणीसाठी राज्यभर पौरकार्मिकांचा संप झाला. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने पहिल्या टप्प्यात अकरा हजारांहून अधिक पौरकार्मिकांना कायम करण्यास मान्यता दिली. मात्र कचऱ्याच्या गाड्यांचे चालक, गाडीवरील मदतनीस, भुयारी गटाराचे कामगार यांचा प्रश्न एवढ्याने सुटला नाही. कारण 'पौरकार्मिक' या शब्दाच्या व्याख्येत कोण बसतो यावरच त्यांचे भवितव्य ठरते.

या कामात माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. २०१३ च्या अधिनियमाने हाताने मैला साफ करण्याची प्रथा व संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरविणे यांवर बंदी घातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी द्यावयाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. यंत्र विकत घेण्यास पैसा नाही म्हणून माणूस उतरविणे हा हिशेब माणुसकीच्या दृष्टीने तर चुकीचा आहेच, तो तिजोरीच्या दृष्टीनेही चुकीचा आहे.

न्यायालयांनी काय सांगितले?

रोजंदारीवर किंवा तात्पुरते घेतलेल्या माणसांचे पुढे काय, या प्रश्नावरील सर्वांत महत्त्वाचा निर्णय कर्नाटकातीलच आहे. 'कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी असे ठरविले की जाहिरात, स्पर्धा व नियम यांना बगल देऊन घेतलेल्या व्यक्तीस केवळ दीर्घकाळ काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. सार्वजनिक नोकरी ही सर्वांसाठी खुली असली पाहिजे, हे त्यामागील तत्त्व होय. त्याचबरोबर, मंजूर व रिक्त पदावर दहा वर्षे वा अधिक काळ काम केलेल्यांचा एकवेळ विचार करावा, अशीही सूचना न्यायालयाने दिली होती.

पुढील काळात पहिला भाग सर्वत्र स्मरणात राहिला व दुसरा विसरला गेला. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये 'जग्गो' प्रकरणात न्यायालयाने बजावले की, कायम स्वरूपाचे काम वर्षानुवर्षे करून घ्यावयाचे आणि हक्काची वेळ आली की उमादेवी निर्णयाची ढाल पुढे करावयाची, हे योग्य नव्हे. ३१ जानेवारी २०२५ रोजी गाझियाबाद महानगरपालिकेच्या बागकामगारांच्या प्रकरणातही न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. या निर्णयांचा नगरसंस्थांसाठी अर्थ दुहेरी आहे. ओळखीपाळखीने माणूस घेऊ नये, हा एक. कायम स्वरूपाच्या कामास तात्पुरता माणूस ठेवून पैसा वाचला असे समजू नये, हा दुसरा.

परदेशातील दोन उदाहरणे

नगराचा जमाखर्च आणि नोकरवर्ग यांचा तोल ढळला म्हणजे काय घडते, याची उदाहरणे श्रीमंत देशांतही आहेत. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने अनेक वर्षे चालू खर्च अल्पमुदतीच्या कर्जातून भागविला. १९७५ मध्ये बँकांनी नवे कर्ज देण्याचे थांबविताच शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. हजारो कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले. त्या वर्षी जुलैच्या आरंभी सफाई कामगारांनी काम थांबविले आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. अखेर राज्याने नियंत्रण मंडळ नेमून शहराचा आर्थिक कारभार आपल्या देखरेखीखाली घेतला. डेट्रॉइट शहराने जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा निवृत्तिवेतनाच्या देण्यांचा प्रश्न प्रमुख होता. ज्यांनी आयुष्यभर नोकरी केली त्यांच्याच निवृत्तिवेतनास कात्री लागली.

सदलगा कोठे आणि न्यूयॉर्क कोठे, असे कोणी म्हणेल. आकड्यांत फार मोठे अंतर आहे, हे खरे. परंतु चालू वर्षाचा पगार पुढील वर्षाच्या उत्पन्नावर टाकणे, ठेवीचा पैसा रोजच्या खर्चास वापरणे आणि अप्रिय निर्णय पुढील सभागृहावर ढकलणे या तीन चुका लहान नगरातही तशाच घडू शकतात.

अंदाजपत्रक कसे वाचावे?

कर्नाटकातील नगरसंस्थांत २००६ च्या लेखा व अंदाजपत्रक नियमांनुसार दुहेरी नोंदीची लेखापद्धती आली. जुन्या पद्धतीत केवळ आलेला व गेलेला रोख पैसा दिसे. नव्या पद्धतीत येणे किती, देणे किती, मालमत्ता किती हेही दिसते. त्यामुळे कंत्राटदाराची न दिलेली बिले किंवा विजेची थकबाकी झाकून 'शिल्लक' दाखविणे अवघड झाले आहे. तथापि हिशेब खुला असणे पुरेसे नाही. तो वाचणारे नागरिकही हवेत. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना आपल्या नगराचे अंदाजपत्रक समोर ठेवून टक्केवारीचे गणित शिकविले, तर नागरिकशास्त्र व गणित या दोहोंचा अभ्यास एकाच वेळी होईल.

अंदाजपत्रक हाती आल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात. घरपट्टी व पाणीपट्टीची मागणी किती व वसुली किती? मागील तीन वर्षांची थकबाकी वाढते आहे की घटते आहे? सर्वांत मोठ्या थकबाकीदारांत सरकारी कार्यालये व प्रतिष्ठित मंडळी किती? मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि रिक्त पदांचे काम कोण करतो? रोजंदारीच्या कामगारांचे वेतन कोणत्या महिन्यापर्यंत दिले आहे? त्यांची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम भरली गेली काय? आणि अखेरची शिल्लक ही खरोखर मोकळी आहे, की एखाद्या योजनेसाठी बांधलेली आहे?

शेवटचा प्रश्न या भागात विशेष महत्त्वाचा आहे. २०१९ व २०२१ या वर्षी कृष्णा, दूधगंगा व वेदगंगा या नद्यांच्या काठच्या वस्त्यांनी महापूर अनुभवला. पूर ओसरला की गाळ काढणे, जंतुनाशक फवारणी, पाण्याचे टँकर व पंपांची दुरुस्ती ही कामे त्याच दिवशी सुरू करावी लागतात. शासनाची मदत येते, पण ती येईपर्यंतचे पहिले काही दिवस नगराने स्वतःच्या शिलकीवर आणि स्वतःच्या माणसांवर निभावून न्यावयाचे असतात. त्या वेळी तिजोरी रिकामी असेल आणि कामगारांचा तीन महिन्यांचा पगार थकलेला असेल, तर कोणत्या तोंडाने त्यांना चिखलात उतरण्यास सांगावयाचे?

उपसंहार

थोडक्यात सांगावयाचे तर, लहान नगराच्या सुस्थितीची सूत्रे अवघड नाहीत. प्रत्येक मिळकतीची नोंद व्हावी. कर माफक असावा, पण तो सर्वांकडून वसूल व्हावा. दुसऱ्याच्या ठेवीस हात लावू नये. कायम स्वरूपाच्या कामास नियमाने भरलेली माणसे असावीत व त्यांचे वेतन इतर सर्व खर्चाच्या आधी निघावे. दर वर्षी थोडी तरी मोकळी शिल्लक मागे राहावी. यांपैकी कोणतीही गोष्ट एकट्या मुख्याधिकाऱ्याने किंवा एकट्या अध्यक्षाने साध्य होण्यासारखी नाही. सभासदांनी आपल्या प्रभागातील वसुलीसाठी उभे राहावे, अधिकाऱ्यांनी हिशेब सोप्या भाषेत, सीमाभागात तर दोन्ही भाषांत, लोकांपुढे मांडावा आणि नागरिकांनी एप्रिलमध्येच घरपट्टी भरून पाच टक्क्यांची सूट घ्यावी. त्या पावतीच्या बळावरच पहाटे झाडू घेऊन निघालेल्या पौरकार्मिकाच्या घरची चूल पेटत असते.